तीसच्या तीस

तोफू करणाऱ्या बाईचे हात गार आणि तोंड गरम, असं आमच्या हिनोसे गावात म्हणतात. ही म्हण माझ्यावरूनच पडली असावी, कारण गावात तोफूचं दुकान एकच उरलंय आणि ते माझं आहे. मी ओगुरा मासुए, वय त्रेसष्ट. खरं बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही, असा माझा स्वतःबद्दल समज होता. जून महिन्यातल्या त्या गुरुवारपर्यंत होता.

आमच्या विहिरी एकोणीस वर्षं बंद होत्या. गावाच्या वरच्या अंगाला धातूचे सुटे भाग करणारा कारखाना होता. तिथे भागांवरचं तेल धुवायचं औषध वापरायचे आणि वापरून झालं की मागच्या खड्ड्यात ओतायचे. ते वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं आणि आमच्या विहिरींत उतरलं. कारखाना गेला, मालक गेला, विष मात्र आमच्याकडे मुक्कामाला राहिलं. तेव्हापासून धरणाचं नळाचं पाणी. नळाच्या पाण्याने सोयाबीनच्या दुधाचा तोफू होत नाही असं नाही, पण तो नुसता पांढरा होतो, चव नाही.

सहा वर्षांपूर्वी साफसफाई सुरू झाली. बंद पडलेल्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, भट्टीच्या आवारात पंप बसले. विहिरीचं पाणी उपसायचं, उंच मनोऱ्यातून खाली सोडायचं आणि खालून जोरात हवा फुंकायची, की विष हवेबरोबर उडून जातं. मनोऱ्यातून उतरलेल्या पाण्याची एक बारीक धार शेजारच्या खोपटात, काचेच्या टाकीत येते. त्या टाकीत तीस मेदाका. मेदाका म्हणजे भातखाचरातला साधा मासा, करंगळीच्या पेराएवढा. प्रयोगशाळा वर्षातून चार वेळा पाणी तपासते, तेही यादीतल्या विषांसाठी. मेदाका बारा महिने चोवीस तास तपासतो आणि त्याच्याकडे यादीबिदी नसते. नियम भिंतीवर लावलाय: एका दिवसात दोन मासे मेले, तर झडप बंद करावी आणि जलखात्याला फोन करावा.

मासे सांभाळायचे शिगेझोसान. वय अठ्ठ्याहत्तर. शाळेत शिपाई होते, आणि मेदाकाचं वेड जन्माचं. रोज सकाळी सहाला टाकी बघून ते माझ्या दुकानावरून जायचे आणि रस्त्यातूनच ओरडायचे, "तीसच्या तीस, मासुएसान!" मी त्यांना सोयाबीनच्या गरम दुधाचा वाडगा द्यायचे. सहा वर्षांत त्यांच्या तोंडून एकोणतीस हा आकडा मी ऐकला नाही.

या आकड्याच्या जोरावरच मी भांडत होते. मी विहीर मंडळाची प्रमुख. जलखात्यात जाऊन टेबलं आपटली. तीसच्या तीस मासे जिवंत असताना तुमचं काय अडलंय, असं विचारून एकेकाला जेरीस आणलं. शेवटी ठरलं. जूनच्या दुसऱ्या रविवारी गावाच्या विहिरी पुन्हा सुरू होणार. जास्त घरांना पाणी लागणार म्हणून मेच्या मध्यापासून तिसरी विहीरही उपसायला घेतली. आणि चाचणी म्हणून गावातली पहिली जोडणी मिळाली माझ्या दुकानाला. मीच मागून घेतली होती, दुसरं कोण घेणार!

त्याच सुमाराला माझी लेक चिनात्सु बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना. येताक्षणी तिने विहिरीच्या पाण्याचा नळ सोडला आणि उभ्याउभ्या दोन पेले प्यायली.

"आई, हे पाणी किती गोड लागतंय गं!"

"पी. तुझ्या आजीने मला याच पाण्यावर वाढवलं."

मला त्या क्षणी काय आनंद झाला होता! पोटातलं पोर जन्माआधीच गावाचं पाणी प्यायला लागलं, असं मी गिऱ्हाइकांना सांगत सुटले.

तर त्या रविवाराआधीच्या मंगळवारी शिगेझोसानची कंबर धरली. खोका उचलताना उसण भरली आणि माणूस आडवा झाला. फोन करून म्हणाले, "दोन-चार दिवस जरा मासे बघाल का? चिमूटभर खाणं, बस. फार घालू नका."

बुधवारी मी पहिल्यांदा एकटीने टाकी मोजली. तीस भरले. दोन मासे तळाशी गप्प बसले होते. मालक दिसला नाही म्हणून रुसलेत, असं मी धरलं.

गुरुवारी सकाळी खोपटाचं दार उघडलं. सात मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. एक तर कुशीवर कलला होता, मधूनच सावरायचा आणि पुन्हा कलायचा. बाकीचे तेवीस खालून वर, वरून खाली नीट फिरत होते.

आता इथे खरं सांगते, कारण आता लपवून उपयोग नाही. माझ्या मनात पहिला विचार पाण्याचा आला नाही. पहिला विचार आला, मेल्ये, मी खाणं जास्त घातलं! सहा वर्षं त्या माणसाने तीसच्या तीस सांभाळले आणि माझ्या हाती दिले तर दोन दिवसांत मी ही वाट लावली. दहा वाजता जलखात्याचे मुरोई येणार होते, रविवारच्या समारंभासाठी खोपट बघायला. त्यांच्यासमोर ही टाकी? माझ्या चुकीपायी सगळ्या गावाचा दिवस नासवायचा?

मी जाळी घेतली आणि ते सात मासे तोफूच्या बादलीत काढले. शिगेझोसानच्या घरी शेकड्याने मेदाका आहेत हे माहीत होतं. क्षमा मागायची, सात धडधाकट मासे उसने घ्यायचे, टाकीत सोडायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून तोफूची एक मोठी वडी बांधून घेतली आणि निघाले.

चाळीस वर्षांत मी त्यांच्या फाटकाच्या आत गेले नव्हते. तेच माझ्या दाराशी यायचे. फाटक ढकललं आणि मी तिथेच थांबले.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. साकेचे फुटके रांजण, बिनकानाची घमेली, मासळीवाल्याचे थर्माकोलचे खोके, एक जुनी न्हाणीची टाकी. सगळ्यांत पाणी, वर जलकुंभीची पानं आणि खाली नारिंगी मेदाका. भिंतीकडेच्या खोक्यांची रांग मात्र वेगळी होती. त्या प्रत्येक खोक्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर पेन्सिलीने तारीख.

शिगेझोसान आत पालथे पडले होते. मी उंबऱ्यावरच गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं.

"शिगेझोसान, माझ्या हातून फार मोठी चूक झाली. तुमचे सात मासे आजारी पाडले. खाणं जास्त घातलं असणार. काय शिक्षा करायची ती करा."

"सात?" त्यांनी मान वळवून बादलीकडे पाहिलं. "अहो, एवढंच ना? उठा, उठा. कपाळ काय घासताय! त्यात तुमची काही चूक नाही. रोजचंच आहे ते."

"रोजचं म्हणजे?"

"रोज सकाळी चार-पाच तरी असतातच तसे. आज सात म्हणजे तुम्ही काल काढले नसतील. ते दोन-तीन आणि आजचे चार. हिशेब बरोबर आहे."

मी उठून बादली उचलली होती, ती खाली ठेवली. ठेवली म्हणजे ती हातातून निसटलीच, थोडं पाणी सांडलं.

"रोज चार-पाच मासे असे वर तोंड काढतात?"

"हल्ली. आधी आठवड्याला एखाददुसरा. काचेत राहून मासा थकतो हो. लोक येतात, काचेवर बोटं आपटतात. तुम्हाला-मला सुट्टी लागते, त्यांना नको? मी त्यांना इथे सुट्टीवर आणतो आणि इथले ताजे तिकडे कामाला पाठवतो." ते हसले, मग कंबर दुखली म्हणून कण्हले. "बादली त्या शेवटच्या खोक्यात रिकामी करा. संध्याकाळपर्यंत बघा कशा उड्या मारतात."

"या खोक्यात पाणी कुठलं?"

"पावसाचं. पागोळ्यांखाली पिंप आहे ना, त्यातलं."

"आणि यात घातलं की ते बरे होतात?"

"सगळे! एक मेला नाही आजवर. औषध नाही, काही नाही."

मी भिंतीकडच्या खोक्यांपाशी गेले. चिकटपट्ट्या वाचायला लागले. मार्च, एक. मार्च, एक. एप्रिल, दोन. अठरा मे, तीन. वीस मे, चार. मग रोज. रोज चार, रोज पाच. मेच्या मध्याला तिसरी विहीर सुरू केली होती. खोक्यांतले मासे सुळसुळ फिरत होते, एकूण एक ठणठणीत. पावसाच्या पाण्यात ठणठणीत. आमच्या पाण्यात आ वासणारे आणि पावसाच्या पाण्यात संध्याकाळपर्यंत उड्या मारणारे!  मी खोक्याच्या कडेला धरून खाली बसले.

"शिगेझोसान, अहो मासे थकत नव्हते. पाणी वाईट आहे."

"काहीतरीच काय! एकही मेला नाही."

"मरायच्या आत तुम्ही काढत होता ना! रोज! पहाटे!"

 मी पुढे बोलतच राहिले, मला थांबता येईना. "नियम काय आहे? दोन मेले तर कळवा. तुम्ही एकालाही मरू दिलं नाही आणि मी तुमच्या तीसच्या तीसवर सगळं गाव पाणी प्यायला उभं केलं! माझी पोरगी तीन आठवडे ते पाणी पितेय, शिगेझोसान. पोटुशी पोरगी!"

त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. हातावर जोर देऊन ते कसेबसे उठून बसले आणि अंगणातल्या खोक्यांच्या रांगेकडे पाहत राहिले. बराच वेळ त्यांचे ओठ नुसते हलत होते. मोजत होते बहुतेक.

"म्हणजे ते सांगत होते," ते म्हणाले, "आणि मी उचलून घरी आणत होतो."

त्यांचं ते वाक्य मला ऐकवेना. मी तशीच पळत सुटले. तोफूची वडी उंबऱ्यावर राहिली.

आधी दुकानात शिरून विहिरीचा नळ बंद केला आणि चिनात्सुच्या हातातला पेला काढून घेतला. ती बघतच राहिली. "पिऊ नकोस, मग सांगते," एवढंच म्हणाले. तिथून भट्टीच्या आवारात जाऊन झडप फिरवली आणि मुरोईंना फोन केला. दहा वाजायची वाट पाहिली नाही.

मुरोई पस्तिशीचा, नेहमी इस्त्रीचे कपडे घालणारा माणूस. त्या दिवशी मोज्यांवरच धावत आला, बूट पायरीवर राहिले. त्याने टाकी पाहिली. तेवीसमधले आणखी तीन तोवर वर आले होते. त्याने बाटल्यांत पाणी भरून घेतलं आणि फोनवर फोन केले. मधूनच तो माझ्याकडे पाहून म्हणायचा, "पण रोजचे अहवाल तर... पण तीस..."

"तीस होते. तेच तीस नव्हते," मी म्हटलं.

अर्ध्या तासाने शिगेझोसान काठी टेकत आले. आवाराच्या फाटकापासून खोपटापर्यंत यायला त्यांना दहा मिनिटं लागली. तोवर मंडळाची माणसं जमली होती. म्हातारबुवा मुरोईपुढे वाकले ते वाकलेलेच राहिले. कंबर धरल्यामुळे की शरमेने, कोण जाणे.

"माझी चूक आहे. माझ्या एकट्याची. मेदाका पाळणाऱ्यांची ही वाईट खोड असते, दुबळा मासा दिसला की काढायचा, टाकी देखणी ठेवायची. मला कळायला हवं होतं."

"तुम्हाला हे कुणी करायला सांगितलं होतं का?" मुरोईने विचारलं.

"नाही. माझी खोड."

आणि मी त्यांच्यावर तुटून पडले. सगळ्यांसमोर. "खोड? सहा वर्षं दुधाचे वाडगे पिऊन तुम्ही आम्हाला देखणी टाकी दाखवलीत? अहो, आम्हाला देखणे मासे नको होते, खरे मासे हवे होते! शाळेचे वर्ग झाडल्यासारखं तुम्ही टाकी झाडत बसलात! माझ्या नातवंडाला काही झालं ना, तर..." पुढचं मी बोलले नाही, पण जे बोलले तेही कमी नव्हतं. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. "खरं आहे, मासुएसान. खरं आहे," एवढंच म्हणत होते. मग कुणीतरी त्यांना आधार देऊन घरी नेलं.

सगळे पांगल्यावर खोपटात मी एकटी उरले. टाकीतले उरलेले मासे मुरोईने सांगितल्याप्रमाणे स्वच्छ पाण्यात काढायचे होते. ते काढले आणि जाळी खिळ्याला अडकवायला गेले. खिळ्यामागे भिंतीला प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून लावलेला एक कागद होता. जाळी तिथे टांगलेली असली की तो दिसायचा नाही. सकाळी घाईत मी पाहिला नव्हता. कडा पिवळ्या पडल्या होत्या.

अक्षर माझं होतं.

'उद्या वरून पाहुणे येणार आहेत. अशक्त दिसणारे मासे आधीच बाजूला काढून ठेवावेत. यापुढेही तसंच करत जावं, म्हणजे बरं दिसेल. तुम्हाला त्रास देते, क्षमा असावी. ओगुरा.'

मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी प्रांताच्या कचेरीतून माणसं आली होती. त्याच्या आदल्या दिवशी एक मासा तळाशी लोळत होता आणि मला लाज वाटली होती. दुकानाच्या वहीचं पान फाडून मी हे लिहिलं आणि जाळीला अडकवलं. पाच मिनिटांत विसरूनही गेले. मी विसरले आणि त्या माणसाने माझा कागद प्लास्टिकमध्ये घालून जपला. तीन वर्षं रोज पहाटे माझा शब्द पाळला. आणि मघाशी मुरोईने थेट विचारलं तेव्हा म्हणाला, नाही, माझी खोड.

मी त्याला सगळ्यांसमोर काय काय बोलले होते! आपलेच दात आणि आपलेच ओठ.  मी कागद मुठीत धरून बाहेर आले.

घरी आले तर दुकानात कुणी नव्हतं. चिनात्सु मागच्या खोलीत पडली होती, खिडकीचा पडदा ओढून, कपाळावर ओला रुमाल ठेवून. ती बरेच दिवस तशीच पडत होती. त्या दारात मी थबकले.

कारण आठ-दहा दिवसांपूर्वी ती मला म्हणाली होती, "आई, डोकं फार दुखतं गं. गरगरतंही." आणि मी काय म्हटलं होतं? मी म्हटलं होतं, "पोटुशीला होतंच तसं. दुकानात अशा चेहऱ्याने बसू नकोस बाई, समारंभ तोंडावर आलाय, लोक काहीबाही बोलतील. मागच्या खोलीत जाऊन पड." मधे दोन दिवस ती सासूबाईंना भेटायला समुद्राकाठी जाऊन आली, तेव्हा फोनवर किती खुशीत होती. "इथे आल्यापासून डोकं अजिबात दुखलं नाही," म्हणाली होती. "सासरची हवा मानवली वाटतं!" म्हणून मीच तिला चिडवलं होतं. आणि परत आल्यावर पुन्हा मागची खोली.

माशांना शिगेझोसान बाजूला काढत होते. माझ्या पोरीला मी काढलं होतं.

"आई? काय झालं? सांग ना, पाणी का बंद केलंस? तुझा चेहरा असा का झालाय?"

मी सांगितलं. पाणी, मासे, खोके, चिकटपट्ट्या, सगळं. ती उठून बसली आणि दोन्ही हात तिने पोटावर ठेवले.

"त्यांना कुणी सांगितलं होतं असं करायला?" तिने विचारलं.

मी मुठीतला कागद तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला. अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही, शाळेच्या डब्यावर रोज माझ्या अक्षरातली चिठ्ठी असायची.  रडली असती, ओरडली असती, तर मला चाललं असतं. तिने कागद घडी करून मला परत दिला आणि म्हणाली, "दवाखान्यात जाऊ या."

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. बाळाचे ठोके चांगले होते. रक्त पुढे पाठवलं. डोकेदुखी पाण्यामुळेच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणाल्या, आणि पाण्यामुळे नाही असंही सांगता येत नाही. बाळंतपणापर्यंत दर आठवड्याला बघू. मी विचारलं, "म्हणजे बाळ बरं आहे ना?" त्या म्हणाल्या, "आज बरं आहे." त्याच संध्याकाळी जावई आले आणि चिनात्सुला समुद्राकाठी घेऊन गेले. गाडीत बसताना तिने माझा हात धरला, पण पकड सैल होती.

शनिवारी दुपारी पाण्याचा निकाल आला. तिसऱ्या विहिरीचा उपसा कारखान्याखालचं पाणी ओढत होता. मनोरा दोन विहिरींच्या मापाचा, तिसरीचं विष त्याला झेपत नव्हतं. उतरलेल्या पाण्यात मर्यादेच्या साडेतीन पट. मुरोईने आकडे वाचून दाखवले. रविवारी सकाळी हे पाणी एकशे साठ घरांत जाणार होतं.

रविवारी समारंभ झाला नाही, पण लोक जमले. मंडप घातलेला होता, खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी उभी राहिले आणि माझा कागद वाचून दाखवला. पहिल्या ओळीलाच मागून शिगेझोसान काठी आपटत ओरडले, "मासुएसान, नको! कशाला ते!" मी वाचलं, 'ओगुरा'पर्यंत वाचलं. मग त्यांच्यापुढे जाऊन मंडपातल्या मातीला कपाळ टेकलं.  कुणी मला शिवी दिली नाही. आमच्या गावात देत नाहीत. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी तोफू घ्यायला निम्मेच लोक आले.

मंगळवारी पहिल्या दोनच विहिरींवर पाणी पुन्हा मनोऱ्यात सोडलं. प्यायला नाही, फक्त साफ करायला. टाकीत नवे तीस मासे, आणि भिंतीवर नवा नियम, मुरोईच्या अक्षरात: कुठलाही मासा बाहेर काढू नये. शिगेझोसानला काढून टाका, असं मंडळात दोघे-तिघे म्हणाले. मी म्हटलं, मग आधी मला काढा. त्यावर तो विषय मिटला.

बुधवारी सकाळी सहाला मी सोयाबीनचं दूध ढवळत होते. आज ते येणार नाहीत, असं मी मनाशी धरूनच चालले होते. तेवढ्यात रस्त्यातून हाक आली. आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता, शेजारच्या घरांनाही ऐकू जावा इतका.

"अठ्ठावीस, मासुएसान! दोन वर आलेत! मी हात लावलेला नाही! मुरोईला फोन केलाय!"

मी वाडगा घेऊन बाहेर गेले. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग आत येऊन मी चिनात्सुला फोन लावला. हल्ली रोज सहाला लावते. तिकडे घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, मग तिचा झोपाळलेला आवाज आला.

"कशी आहेस गं?" मी विचारलं. "बरं आहे ना सगळं?"



"खरं सांगू, आई," ती म्हणाली, "की पाहुण्यांना सांगायचं ते सांगू?"

चुलीवरचं दूध उतू चाललं होतं. मी ते तसंच जाऊ दिलं.

"खरं सांग," मी म्हटलं.

आणि तिने सांगायला सुरुवात केली.